डोळे आलेत म्हणून गेलेले दोन आठवडे : सुगीत भाताचं कुसळ लागलेल्या एका डोळ्याचं प्रकरण

पेशंट बाई, वय ४८, खानापूर तालुक्यातलं गाव, घरची थोडी भातशेती आणि सुगीत दुसऱ्याच्या मळणीला मजुरीनं जाणं. आमच्याकडं आल्या तेव्हा कार्डावर तक्रार एवढीच लिहिली गेली, उजवा डोळा लाल, पाणी येतंय, दुखतोय, दोन आठवडे झाले. एवढं वाचून कोणीही "डोळे आलेत" म्हणून मोकळं होईल, आणि घरी, शेजारी, मेडिकलात सगळीकडं नेमकं तेच झालं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या बुबुळावर बुरशीची जखम होती आणि ती रोज वाढत होती. आपल्या भागात हे दर सुगीला घडतं, ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी-रायबाग-अथणीकडं घडतं, आणि बहुतेक वेळा उशिरा कळतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सविस्तर लिहितोय. नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. पुढं त्यांना मावशीच म्हणतो, आम्ही दवाखान्यातपण तसंच म्हणत होतो.

मी बेळगावात डोळ्यांच्या एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर असतो. नंबर काढणं, डोळ्यातलं प्रेशर बघणं, डॉक्टरांकडं पाठवायच्या आधी सगळी माहिती विचारून लिहून घेणं हे माझं काम. निदान आणि औषध डॉक्टरांचं. पण विचारून घेण्याचं काम लहान नाही, कारण डोळ्याच्या तक्रारीत निम्मं निदान पेशंटच्या बोलण्यातच असतं, फक्त नीट विचारावं लागतं.

आधी काय काय झालं

दिवाळी होऊन सुगी जोरात होती, मळणीचं मशीन लागलेलं, मावशी पेंढ्या मशीनपाशी सरकवत होत्या, वारं सुटलं आणि तूस-कुसळ उडून उजव्या डोळ्यात गेलं. त्यांनी पदरानं डोळा चोळला, हौदातलं पाणी मारलं आणि परत कामाला लागल्या, कारण मशीन तासावर भाड्यानं आणलेलं असतं, ते थांबवायचं कुणी. रात्री डोळ्यात टोचायला लागलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या आज्जीकडं गेल्या, त्या जिभेनं डोळ्यातली घाण काढतात. आपल्याकडं खेड्यात हे अजून चालतं आणि त्या आज्जी एक पैसा घेत नाहीत, मायेनं करतात, त्यामुळं त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. पण तोंडात असंख्य जंतू असतात आणि बुबुळ आधीच खरचटलेलं असलं की ते थेट जखमेत जातात, हे स्पष्ट सांगायला पाहिजे. त्यानंतर घरी हळदीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं डोळ्यावर बांधून ठेवलं, तेपण दोन दिवस.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलानं तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलातून थेंब आणले. "आईचा डोळा लाल झालाय" एवढंच सांगितलं, त्यांनी एक बाटली दिली, दिवसातून चारदा घाला. आणि इथून खरी फसगत सुरू झाली, कारण त्या थेंबांनी बरं वाटलं. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला, मावशी परत मळणीला गेल्या. बाटली संपत आली तसं दुखणं दुप्पट होऊन परत आलं, म्हणून तीच बाटली दुसऱ्यांदा आणली. परत थोडं बरं, परत जास्त. शेवटी त्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, उजेडाकडं बघवेना, मुलगा गोव्याहून परत सुट्टी काढून आला आणि बेळगावला घेऊन आला.

मला त्यांनी सांगितलं ते असं, "आधी नुसतं टोचूलालं रे बाळ, आता आतनं ठणकूलाय, रात्री झोप नाही, आणि उजेड तर सोसंना झालाय." या एका वाक्यात तीन गोष्टी आल्या. टोचण्याचं ठणक्यात रूपांतर झालं, रात्रीची झोप गेली, उजेड सहन होईना. शिवाय हे सगळं एकाच डोळ्यात. साध्या डोळे येण्यात यातलं जवळपास काहीच नसतं.

मग मी विचारलं, "डोळ्यात काही गेलेलं का?" तर "होय की, कुसळ गेलेलं, पण ते निघालं तवाच." हे त्या आपणहून सांगणार नव्हत्या. कुसळ निघालं म्हणजे विषय संपला असं त्यांना वाटत होतं, आणि कुणालाही तसंच वाटेल. पण कुसळ निघून जातं आणि बुबुळावर एक बारीक ओरखडा मागं ठेवून जातं, आणि त्या ओरखड्यातून शेतातली बुरशी आत शिरते. दुसरा प्रश्न, "कुठले थेंब घातले, बाटली आणली का?" मुलाच्या खिशात होती. लेबलावर अँटिबायोटिकच्या नावाबरोबर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन लिहिलेलं. म्हणजे स्टेरॉइड. मी बाटली तशीच कार्डाला लावून डॉक्टरांकडं पाठवली.

तपासणीत काय दिसलं

आधी नजर. आमच्याकडं तक्ते कन्नड, मराठी, इंग्रजी असे आहेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उलटसुलट फिरवलेल्या ई अक्षराचा. सीमाभागात हे फार महत्त्वाचं आहे. मराठी शाळेत शिकलेल्या बाईसमोर कन्नड तक्ता धरला आणि वाचता आलं नाही तर नजर कमी म्हणून नोंद व्हायची, किंवा त्याच्या उलट. मावशी चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या, त्यांना मराठी तक्ता दिला. डाव्या डोळ्यानं ६/९, म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसलं, वयाच्या मानानं छान. उजव्या डोळ्यानं तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा नाही, एक मीटरवरून बोटं मोजता आली एवढंच.

टॉर्च मारला तर साध्या डोळ्यांनीसुद्धा दिसत होतं. बुबुळ म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, कॉर्निया, घड्याळावर काच असते तशी, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती स्वच्छ दिसते, आणि नसांची टोकं खच्चून भरलेली असतात म्हणून जरासं खरचटलं तरी जीव जातो. मावशींच्या या काचेवर मध्याच्या थोडं खाली करडा-पांढरा डाग होता, जवळपास चार मिलिमीटरचा, कोरडा, थोडा उचललेला, कडा सरळ नाहीत, विस्कटलेल्या, आणि मुख्य डागाच्या बाजूला दोन बारके ठिपके वेगळे. बुबुळाच्या मागं खालच्या बाजूला पू साठून त्याची पांढरी आडवी रेघ दिसत होती. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर बघून फ्लुरोसिनची पट्टी लावली. ती नारिंगी असते, निळ्या उजेडात जिथं बुबुळाचं वरचं कातडं निघालंय तिथं हिरवं चमकतं. पूर्ण डाग हिरवा चमकला.

म्हणजे कॉर्नियल अल्सर, बुबुळाची जखम, हे नक्की. प्रश्न राहिला कशाची.

याआधी दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात आणि ते कसं काढतात हे सांगतो, कारण लाल डोळा घेऊन येणारे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. त्याच सकाळी एक हायस्कूलचा मुलगा होता, दोन्ही डोळे लाल, सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या, घरात बहिणीलापण तेच, पण पापण्या मिटून उघडल्या की अक्षरं स्वच्छ वाचत होता. ते खरे डोळे आलेले. बहुतेक वेळा व्हायरसचं असतं, आठवडा-दोन आठवड्यात आपोआप जातं, टॉवेल-उशी वेगळी ठेवायची आणि हात धुवायचे हेच मोठं औषध. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात याची केवढी साथ आली होती ते सगळ्यांना आठवत असेल. त्यातून लोकांच्या डोक्यात लाल डोळा म्हणजे साथ असं पक्कं बसलं. त्याच्या शेजारी एक काका, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग, बघणारा घाबरेल असा, पण दुखत नाही, नजर पूर्ण. पातळ कातड्याखालची बारीक नस फुटलेली, खोकल्यानं किंवा शिंक दाबल्यानंसुद्धा होतं, दोन आठवड्यांत विरतं, फक्त बीपी बघून घ्यायचं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारायचं. एक लहान पोरगं दिवसभर डोळे चोळणारं, त्याला खाज, ती अ‍ॅलर्जी. म्हणजे जो सगळ्यात भयानक दिसत होता त्या काकांना काही करायची गरज नव्हती आणि मावशींचा डोळा त्या मानानं कमी लाल होता. लाली किती आहे त्यावरून गंभीरपणा ठरत नाही, हे मी रोज बघतो. नजर कमी झालीय का, ठणका आहे का, उजेड सोसतो का, काळ्या भागावर पांढरं काही दिसतं का, यावरून ठरतो.

मावशींच्या बाबतीत अजून काही गोष्टी तपासल्या गेल्या. अचानक येणारा काचबिंदू, त्यात डोळा दगडासारखा घट्ट होतो, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, आणि उलट्यांमुळं लोक पित्त समजून पोटाच्या डॉक्टरकडं जातात. तसं काही नव्हतं. डोळ्याच्या आतली सूज, ज्याला युव्हायटिस म्हणतात, त्यातपण लाली, दुखणं आणि उजेडाचा त्रास असतो, पण बुबुळाचं वरचं कातडं सहसा शाबूत असतं. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा व्हायरस बुबुळावर फांद्या फुटल्यासारखी जखम करतो आणि तो परत परत येतो, मावशींना आधी कधी असं झालं नव्हतं. कॉन्टॅक्ट लेन्समुळंपण अशी जखम होते, पण ती त्यांनी कधी बघितलीपण नव्हती. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या अश्रूपिशवीवर दाबून पू येतो का बघितलं, ज्याला आपल्याकडं लासरू म्हणतात, कारण तिथं जुना पू असेल तर बुबुळाला जखम व्हायला वेळ लागत नाही. नव्हता. शुगर तपासली, ठीक होती.

राहिलं बॅक्टेरिया की बुरशी. बॅक्टेरियाची जखम सहसा एकदोन दिवसांत भडकते, ओली असते, पू भरपूर. बुरशी सावकाश चालते, आठवडा-दोन आठवडे घेते, कोरडी, विस्कटलेल्या कडांची, बाजूला ठिपके टाकत जाणारी. त्यात भाताचं कुसळ लागल्याचं मावशींनी सांगितलेलं. संशय बुरशीचाच होता, पण नुसत्या संशयावर डॉक्टर थांबले नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुन्न करणारे थेंब घालून जखमेचा वरचा थर ब्लेडनं अलगद खरवडून काचपट्टीवर घेतला, एकावर केओएच टाकलं, म्हणजे बुरशीचे धागे उठून दिसावेत म्हणून घालतात तो क्षार, दुसरी बॅक्टेरिया बघायच्या ग्रॅमच्या रंगासाठी, बाकीचं कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला. केओएचच्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसले. ही तपासणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते. कल्चरमध्ये पुढं फ्युजेरियम उगवलं. फ्युजेरियम ही मातीत, पिकावर, पाल्यावर सगळीकडं असणारी बुरशी. दक्षिण भारतात शेतात काम करणाऱ्यांच्या बुबुळाच्या जखमांत फ्युजेरियम आणि अस्परजिलस या दोन बुरशींचा वाटा खूप मोठा आहे. म्हणून भात, ऊस, जोंधळा, मका यापैकी कशाचंही पान, कुसळ, चिपाड डोळ्याला लागलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

त्या बाटलीनं काय केलं

स्टेरॉइड वाईट औषध नाही. युव्हायटिसमध्ये, ऑपरेशननंतर, बुबुळ बदलल्यावर तेच डोळा वाचवतं. पण ते काम काय करतं तर शरीराची प्रतिकाराची धावपळ थांबवतं. डोळा लाल होणं, सुजणं, दुखणं ही ती धावपळच असते. जखमेत बुरशी बसलेली असताना स्टेरॉइड घातलं की लाली जाते, ठणका जातो, घरच्यांना वाटतं गुण आला, आणि आत बुरशीला अडवणारं कुणी राहत नाही. ती बुबुळाच्या खोल थरात उतरते. मावशींचे पहिले बरे वाटलेले दोन दिवस म्हणजे बुरशीला मिळालेली मोकळीक होती. दुसऱ्या बाटलीनं तेच परत केलं. आणि त्यातलं अँटिबायोटिक बॅक्टेरियाचं होतं, बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही.

मेडिकलवाल्यानं मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. खेड्यातल्या माणसाला डोळ्याचा डॉक्टर जवळ नाही, दिवसाची मजुरी बुडते, बस धरून बेळगावला यायचं, आणि समोर बाटली आहे. पण अशा थेंबांच्या खोक्यावर लाल उभी पट्टी असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध, आणि ते सर्रास दिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. नावं लक्षात ठेवा, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यापैकी काही लेबलावर असेल आणि डॉक्टरनं डोळा बघून लिहून दिलेलं नसेल तर घालू नका. घरात मागच्या वेळची, शेजाऱ्याची, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली असते, तीपण नको. ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतंच, आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर तशीही टाकून द्यायची असते. लहान मुलांच्या खाजेसाठी हेच थेंब महिनोन्‌महिने घालणारे आईबाप मी बघितलेत, त्यात डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, आणि मुलाला सांगता येत नाही की दिसेना झालंय.

इलाज आणि पुढचे आठवडे

त्याच दिवशी स्टेरॉइड बंद. नॅटामायसिन ५ टक्के थेंब दर तासाला, जागे असेपर्यंत. बुबुळावरच्या बुरशीला, त्यातही फ्युजेरियमला, हे औषध सगळ्यात भरवशाचं. २०१३ मध्ये भारतातल्याच पेशंटवर झालेली एक मोठी चाचणी छापून आली, त्यात व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाच्या थेंबांपेक्षा नॅटामायसिन सरस ठरलं. कल्चर येईपर्यंत सोबत एक अँटिबायोटिक, आणि ठणका कमी व्हायला व बाहुलीभोवतीचा आतला रंगीत पडदा चिकटू नये म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब. या शेवटच्या थेंबांनी बाहुली मोठीच राहते, जवळचं धूसर दिसतं, उजेडाचा त्रास जास्त होतो, ते आधी सांगितलं नाही तर लोक घाबरून बंद करतात.

दर तासाला थेंब हे लिहायला सोपं आहे. घरी करणारं कोण? मुलगा गोव्याला परत गेला, सून शेतात. नात सातवीत, तिनं वहीत रकाने पाडले, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आणि घातला की टिक. शाळेच्या वेळेत शेजारची बाई. नॅटामायसिनची बाटली हलवून घालायची असते, औषध खाली बसतं, आणि दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. हे सगळं मी त्यांना कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, छापील कागद कन्नडमध्ये होता आणि तो घरात फक्त नातीला वाचता येत होता. चौथ्या दिवशी फोन आला, डोळ्यात पांढरं साठलंय, पू वाढला वाटतं. बोलावून बघितलं तर ते औषधच होतं, नॅटामायसिन पांढरं असतं आणि जखमेवर, पापणीच्या कडेला चिकटून राहतं. हे पहिल्या दिवशीच सांगायची सवय ठेवली तर असे फोन निम्मे होतील.

पहिला आठवडा काही फरक दिसला नाही. इथंच लोक डॉक्टर बदलतात. बुरशीचा इलाज सावकाश असतो, सुरुवातीला "वाढली नाही" हीच चांगली बातमी. डॉक्टरांनी वरचा थर अधूनमधून खरवडून काढला, त्यानं औषध आत पोचायला मदत होते, कारण नॅटामायसिन खोलवर फारसं जात नाही. दुसऱ्या आठवड्यात पुवाची रेघ कमी झाली, कडा गोल आणि बोथट व्हायला लागल्या, बाजूचे ठिपके विरले. महिना होता होता वरचं कातडं भरून आलं, फ्लुरोसिन लावल्यावर हिरवं चमकलं नाही. थेंब तरी पुढं काही आठवडे चालू ठेवले, कमी करत करत, कारण वरून भरलं तरी आत बुरशी शिल्लक असू शकते.

या काळात तपासणीला त्या एकदाही चुकल्या नाहीत, आणि त्याचं एक कारण बसचं तिकीट लागत नव्हतं हे आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसनं राज्यात फुकट जाता येतं. याआधी असे पेशंट मधेच यायचे बंद व्हायचे आणि जखम फुटूनच परत यायचे. मुलाच्या मनात आईला गोव्याला न्यायचं होतं, तिथं मोठा दवाखाना आहे, ते खरं. पण आठवड्यातून दोनदा दाखवायचा आजार घराजवळ, एकाच डॉक्टरकडं बघितलेला बरा, असं आम्ही सांगितलं आणि त्यानं ऐकलं.

आता डोळा कसा आहे

जखम भरली, डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. आपल्याकडं त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. उजव्या डोळ्यानं आता ६/३६ दिसतं, बारीक छिद्रातून बघितलं तर थोडं बरं, म्हणजे डागामुळं पृष्ठभागपण वाकडातिकडा झालाय. पहिल्या दोनतीन दिवसांत आल्या असत्या आणि स्टेरॉइड पडलं नसतं तर डाग बराच लहान असता, डॉक्टरांचंही तेच म्हणणं. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये अंधत्वाचं पहिलं कारण हेच निघालं, बुबुळावरचं फूल. मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू ऑपरेशननं जातो, हे फूल तसं पुसता येत नाही.

ओरखडा पडल्या पडल्या काय करायचं याबद्दल नेपाळात भक्तपूर भागात झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं, ते २००१ मध्ये छापून आलं. गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांनी डोळा खरचटलेल्या माणसांना लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस लावलं, आणि ज्यांना लवकर मिळालं त्यांच्यात जखम चिघळली नाही. साधं मलम, स्टेरॉइड नसलेलं, पण वेळेवर. आपल्या आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून सुगीत हे व्हायला काय हरकत आहे, असं मला सारखं वाटतं. तोवर आपल्या हातात आहे ते एवढं. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, स्वच्छ वाहत्या पाण्यानं धुवायचं, रुतून बसलेलं असेल तर घरी काढायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही, बांधलेल्या डोळ्याच्या उबेत जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशीपण टोचत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडंच. एक डोळा झाकून दुसऱ्यानं कॅलेंडरवरची तारीख वाचून बघायची, मग दुसरा. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा सगळं झाकून नेतो, मावशींनाही नजर गेलेली उशिरा कळली ती त्यामुळंच. आणि निपाणी-चिकोडीकडं तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून पोरांच्या डोळ्यात चुना उडतो, त्याला तर दवाखान्याची वाट बघायची नाही, जिथं आहात तिथंच निदान वीस-तीस मिनिटं पाणी ओतत राहायचं, चुन्याचे कण कोपऱ्यातून काढून टाकायचे आणि मग पळायचं.

बुबुळ बदलायचं का हा प्रश्न मुलानं विचारला. डॉक्टरांनी आत्ताच नको सांगितलं. डाव्या डोळ्यानं चांगलं दिसतं, काम चालतं. बदललेलं बुबुळ शरीरानं नाकारू नये म्हणून नंतर महिनोन्‌महिने स्टेरॉइडचेच थेंब लागतात, आणि बुरशी नुकतीच गेलेल्या डोळ्यात ते धोक्याचं. आधी डाग स्थिर होऊ दे, मग कडक कॉन्टॅक्ट लेन्सनं किती सुधारतं ते बघू, नाहीच जमलं तर बुबुळ बदलायचा विचार, असं ठरलंय. तोवर दर तीन महिन्यांनी तपासणी. या सुगीला मावशी मळणीला परत जाणार आहेत, घर त्यावर चालतं. मुलानं त्यांना बाजूनं बंद असलेला साधा पारदर्शक गॉगल आणून दिलाय, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो, आणि मळणीवरच्या बाकीच्या बायकांसाठीपण आणायला मी त्याला सांगितलंय.